हायड्रोजन हिरवा, पण मशीन कशाचं?

आज विषय गंजाचा आहे. थांबा, स्किप करू नका.

ग्रीन हायड्रोजनबद्दल तुम्ही ऐकलंच असेल. केंद्र सरकारने जानेवारी २०२३ मध्ये १९,७४४ कोटी रुपयांचं मिशन मंजूर केलं. लक्ष्य: २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टन. कृती तशी शाळेतलीच, पाण्यात वीज सोडायची आणि हायड्रोजन वेगळा करायचा. बॅटरी आणि दोन पेन्सिली घेऊन केलं असेल तुम्ही. मग अडतं कुठे?

अडतं मशीनच्या धातूवर. ज्या बाजूला ऑक्सिजन निघतो, तिथे धातूचे अक्षरशः हाल होतात. तुम्ही म्हणाल, स्टेनलेस स्टील वापरा की! पण स्टेनलेस गंजत नाही ते त्याच्यावरच्या क्रोमियम ऑक्साइडच्या पातळ थरामुळे. साधारण १००० मिलिव्होल्टच्या पुढे हा थरच विरघळायला लागतो, आणि पाणी फोडायला लागतात १६००च्या आसपास. म्हणजे लढाई सुरू व्हायच्या आधीच चिलखत गळून पडलं! त्यात समुद्राचं पाणी असेल तर बघायलाच नको. खारं पाणी लोखंडाचं काय करतं, ते कोकणात स्कूटर चालवणाऱ्याला विचारा. म्हणून आज बऱ्याच ठिकाणी टायटॅनियम वापरतात, वर सोन्याचा नाहीतर प्लॅटिनमचा मुलामा. खर्चाचा अंदाज तुम्हीच करा.

आता मजा ऐका. २०२३ मध्ये हाँगकाँग विद्यापीठातल्या मिंगशिन हुआंग यांच्या टीमने एक नवं स्टील मांडलं. त्यात क्रोमियमच्या थरावर, ७२० मिलिव्होल्टच्या सुमारास, मँगनीजचा दुसरा थर आपोआप तयार होतो. तो १७०० पर्यंत टिकतो. गंमत म्हणजे मँगनीजमुळे स्टेनलेसची गंज रोखण्याची ताकद कमी होते, असंच आजवर मानलं जायचं! आणि मँगनीज काही दुर्मीळ नाही. आपल्या नागपूर-भंडाऱ्याकडे त्याच्या खाणी आहेत.

पण लगेच टाळ्या नकोत. प्रयोगशाळेतला तुकडा वेगळा आणि मशीनला लागणारी जाळी वेगळी. ती बनवणं हेच मोठं काम आहे. शिवाय हे स्टील म्हणजे फक्त सांगाडा. आम्लात चालणाऱ्या मशीनमध्ये ऑक्सिजनच्या बाजूला उत्प्रेरक म्हणून इरिडियम लागतं, आणि ते सगळ्या जगात मिळून वर्षाला जेमतेम ७-८ टन निघतं, तेही मुख्यतः दक्षिण आफ्रिकेत, प्लॅटिनमच्या खाणींमधून. इरिडियमवर एक अख्खा भाग होईल. पुढच्या वेळी तोच करूया. चला, भेटू!