प्रवासाचे ओझे

सरस्वतीपुरमच्या सौम्य हवेत राहणारे आम्ही केदारनाथास निघालो की अर्धे घर बांधून घेतो! वास्तविक ३,५८३ मीटर उंचीवरील थंडीत एका जाड कोटापेक्षा एकावर एक घातलेली तीन पातळ वस्त्रे बरी. त्यांच्यामधली हवा ऊब धरते आणि खाली हरिद्वारच्या उन्हात तीच एकेक उतरविता येतात. सुती कपडा भिजला की लवकर वाळत नाही. लोकर ओलीही ऊब देते.

मग ओझे वाहावे तरी कशाचे? १८५७ साली वरसईहून उत्तरेस निघालेले विष्णुभट गोडसे पाहा. वाटेत ते वारंवार लुटले गेले, मिळविलेले द्रव्य गेले. पण आईवडिलांना स्नान घालण्यासाठी घेतलेली गंगाजलाची कावड त्यांनी घरापर्यंत आणली.