शंभरात दोन अनोळखी शब्द



परीक्षा संपल्या की घरोघरी शब्दार्थांच्या वह्या निघतात. रोज दहा इंग्रजी शब्द, समोर मराठी अर्थ, आणि रात्री जेवणं झाल्यावर बाबा विचारणार. त्यामागची तळमळ मला समजते. तरीही हा वेळ गोष्टींच्या पुस्तकांना द्या, तीही सोप्या पुस्तकांना, असं आग्रहानं सांगायला मी आलो आहे.

मायकेल वेस्ट हे इंग्रज शिक्षणतज्ज्ञ १९२०च्या दशकात ढाक्याला शिक्षक तयार करण्याचं काम करत होते. बंगाली मुलांच्या हातातली इंग्रजी पुस्तकं त्यांना अवजड वाटली. नव्या शब्दांची दाटी, त्यात कित्येक शब्द जुनाट. वेस्ट यांनी असे शब्द काढून रोजच्या वापरातले घातले, दोन नव्या शब्दांत अंतर ठेवलं आणि एकदा आलेला शब्द पुढे पुन्हा पुन्हा भेटेल अशी रचना केली. १९५३ साली त्यांची सुमारे २,००० नेहमीच्या शब्दांची यादी प्रसिद्ध झाली. अमेरिकेत डॉ. स्यूस यांनी १९५७ मध्ये ‘द कॅट इन द हॅट’ लिहिलं, ते अवघ्या २३६ वेगवेगळ्या शब्दांत. आणि मुलांनी ते डोक्यावर घेतलं!

न्यूझीलंडचे पॉल नेशन यांच्यासारख्या अभ्यासकांचा अंदाज असा, की कुणाच्या मदतीशिवाय गोष्ट नीट कळायला शंभरातले ९८ शब्द ओळखीचे लागतात. घरी करून पाहा. कुठलंही पान उघडा आणि अडलेल्या शब्दांवर मुलाला बोट ठेवू द्या. शंभर शब्दांत आठ-दहा ठिकाणी बोट थांबलं, तर ते पुस्तक सध्या कपाटात राहू दे. पाचवीतल्या मुलीला पहिलीच्या मापाचं पुस्तक द्यायला पालकांना कमीपणा वाटतो. तो अगदी वाटू देऊ नका.

मग अवघड शब्द यायचे कधी? गोष्टीच्या खांद्यावर बसून येतात. बिआट्रिक्स पॉटर यांनी १९०९च्या ‘द टेल ऑफ द फ्लॉप्सी बनीज’मध्ये पहिल्याच वाक्यात ‘सोपोरिफिक’ हा भारदस्त शब्द वापरला आहे. चार-पाच वर्षांच्या मुलांसाठी! पण पुढे लेट्यूसची पानं पोटभर खाल्लेली सशाची पिल्लं गाढ झोपतात, इतकी की बागवाला मॅकग्रेगर त्यांना उचलून पोत्यात भरतो तरी जाग येत नाही. एवढं वाचल्यावर ‘सोपोरिफिक’ म्हणजे झोप आणणारा, हे मुलाला वेगळं सांगावं लागत नाही.

आपल्याकडे २००० सालापासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आहे. वाचायला मात्र बहुतेकांकडे पाठ्यपुस्तकच असतं. प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीवीव्हर’ या संकेतस्थळावर कितीतरी गोष्टी मराठीतही आहेत आणि इंग्रजीतही, पायऱ्यांप्रमाणे लावलेल्या, फुकट. आधी मराठीत वाचा, दुसऱ्या दिवशी तीच इंग्रजीत. कथा माहीत असली की मूल शब्दाला घाबरत नाही. वाचताना मध्येच अर्थ विचारू नका. आणि तेच पुस्तक चौथ्यांदा मागितलं, तर आनंदानं द्या. शब्द मुरतात ते या चौथ्या वाचनात.