खुबा नवा, बैठक जुनी



१९६२ साली इंग्लंडात जॉन चार्नली यांनी पोलादी गोळा आणि प्लास्टिकची वाटी बसवून खुब्याच्या शस्त्रक्रियेला आजचे रूप दिले. हा खुबा जन्मला खुर्चीवर बसणाऱ्यांच्या देशात. आपल्या अहिल्यानगर-संगमनेरची विडी कामगार बाई मात्र जमिनीवर मांडी घालून, सूप पुढ्यात घेऊन बसते.

शस्त्रक्रियेनंतर बहुधा दुसऱ्याच दिवशी वॉकर धरून चालवतात. घरच्यांना त्याचे कोण कौतुक! पण चालणे निराळे नि विड्या वळणे निराळे. सांधा निखळेल म्हणून डॉक्टर निदान सहा आठवडे मांडी नको, उकिडवे नको, असे बजावतात. इकडे मोरी जमिनीलगत, संडासात उकिडवे बसणे, आणि मजुरी हजार विड्यांमागे. राज्य विम्यातल्या कामगाराला आजारपणात वर्षाकाठी ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के मजुरी मिळते. घरी वळणारीच्या वाट्याला ती क्वचितच येते. मग तिसऱ्या आठवड्यातच बाई गुपचूप मांडी घालते. तिला अडाणी कोणी म्हणावे?

गुडघे खुब्याच्या खाली राहतील इतकी उंच खुर्ची, सुपासाठी टेबल आणि संडासाची खुर्ची, एवढे तिला हवे. डॉक्टरांनी औषधांबरोबर हेही चिठ्ठीवर लिहावे. पैसे कारखानदाराने द्यावेत. येत्या मागणीपत्रात मी हे कलम घालणार आहे.