कुलाब्याचा कणत्वरक

मुंबईत कुलाब्याला, टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या आवारात १९८८ पासून पेलेट्रॉन हा कणत्वरक उभा आहे. त्याच्या मध्यावर १४ दशलक्ष व्होल्टपर्यंत विद्युतदाब पोचवण्याची सोय आहे. ऋणभारित आयन तिकडे खेचले जातात, कार्बनच्या अतिपातळ पापुद्र्यातून जाताना इलेक्ट्रॉन गमावतात, धनभारित होतात आणि मग त्याच दाबाने दूर ढकलले जातात. एकाच दाबाचा दुहेरी उपयोग! मला ही युक्ती फार देखणी वाटते.

पुढे वेग आणखी वाढवायला २००७ मध्ये अतिवाहक लिनॅक, म्हणजे रेषीय त्वरक, जोडला गेला. त्याचे खरे कौशल्य तांब्याच्या अनुनादकांत, म्हणजे रेडिओलहरींच्या तालावर आयनांना पुढे ढकलणाऱ्या पोकळ भांड्यांत, आहे. त्यांतल्या १५० मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी दोन मीटर, म्हणून प्रत्येकाच्या आतला दांडा तिच्या साधारण पाव, म्हणजे अर्ध्या मीटरच्या आसपास. तांब्यावर शिशाचा जेमतेम काही मायक्रॉन जाडीचा मुलामा. द्रवरूप हेलियमने तो उणे २६९ अंशांपर्यंत थंड केला, की शिसे अतिवाहक होते आणि विजेचा अपव्यय प्रचंड घटतो. मात्र मुलाम्यावर डाग किंवा खडबडीतपणा राहिला, तर अनुनादकाची गुणवत्ता तिथेच घसरते. त्यामुळे घासणे, धुणे, वाळवणे ही कामेही इथे आराखड्याइतकीच महत्त्वाची. असे अठ्ठावीस अनुनादक, चार-चारच्या सात संचांत, एकाच तालात चालवावे लागतात.