स्वहस्ते क्षौर

संस्कृतात 'क्षुर' म्हणजे धारदार पाते आणि त्या पात्याने होते ते क्षौर. मराठीतली 'सुरी' याच कुळातली, तर 'वस्तरा' हे फारसीतील 'उस्तुरा'चे मराठी रूप, आणि 'हजामत' हा मुळात तुंबडी लावून रक्त काढण्याच्या वैद्यकीय क्रियेचा वाचक असलेला, अरबीतून फारसीमार्गे मराठीत रुळलेला शब्द होय. तीन भाषांतून जमा झालेल्या या शब्दसंपत्तीत एक गोष्ट मात्र सर्वत्र गृहीत धरलेली दिसते, ती अशी की वस्तरा एकाच्या हातात असावयाचा आणि डोके दुसऱ्याचे. दाढीपुरते हे गृहीतक विसाव्या शतकाच्या आरंभी मोडले. टाकाऊ पाते बसवण्याचा किंग कँप जिलेट याचा रेझर १९०३ साली, म्हणजे विक्रीच्या पहिल्या वर्षी, अवघे ५१ नग इतकाच खपला. १९०४ मध्ये त्याला अमेरिकेत पेटंट मिळाले, आणि पुढच्या काही दशकांत असंख्य पुरुष न्हाणीघरातील आरशासमोर उभे राहून आपली दाढी आपणच करू लागले. डोके मात्र पुष्कळ काळ न्हाव्याच्याच स्वाधीन राहिले, आणि त्यामागे रूढीइतकेच एक साधे शारीरिक कारण आहे: माणसाला स्वतःच्या डोक्याचा मागचा भाग आयुष्यात कधीही प्रत्यक्ष दिसत नाही.

या अडचणीची सर्वांत प्रसिद्ध साक्ष महात्मा गांधींच्या आत्मकथेत सापडते. प्रिटोरियातील एका गोऱ्या केशकर्तनकाराने त्यांचे केस कापण्यास नकार दिला, तेव्हा त्यांनी केस कापण्याचे यंत्र विकत आणले आणि आरशासमोर स्वतःच ते काम उरकले. पुढचे केस बरेवाईट जमले, मागचे साफ बिघडले, आणि न्यायालयातील स्नेह्यांनी त्यावरून त्यांची थट्टा केली. गांधींनी त्या केशकर्तनकाराला दोष दिला नाही, कारण भारतात अस्पृश्य मानलेल्यांच्या डोक्याला आपल्याच न्हाव्यांचा हात लागू दिला जात नव्हता, हे त्यांना तेथेच आठवले. कोणाच्या डोक्यावर कोणाचा वस्तरा फिरावा, हा प्रश्न केवळ स्वच्छतेचा कधीच नव्हता. १८९० मध्ये मुंबईतील नाभिकांनी विधवांच्या केशवपनासाठी, म्हणजे पतिनिधनानंतर स्त्रीचे डोके सक्तीने भादरण्याच्या प्रथेसाठी, वस्तरा न उचलण्याचे ठरवले, आणि त्यामागे सत्यशोधक चळवळीतील नारायण मेघाजी लोखंडे यांची प्रेरणा होती. त्या निर्णयाला जो अर्थ प्राप्त झाला तो वस्तरा दुसऱ्याच्या हातात होता म्हणूनच. याउलट बौद्ध भिक्षूच्या अष्टपरिष्कारांत, म्हणजे त्याने जवळ बाळगावयाच्या आठ वस्तूंत, चीवरे, भिक्षापात्र, सुई आणि पाण्याचे गाळणे यांच्या जोडीला वस्तराही मोजला जातो, आणि केस दोन महिन्यांपेक्षा अधिक काळ किंवा दोन अंगुळांपेक्षा अधिक लांब वाढू देऊ नयेत असा विनयाचा, म्हणजे भिक्षूंच्या आचारसंहितेचा, नियम आहे. जैन साधूंच्या केशलोचात तर साधनच नाही. तेथे केस हातानेच उपटले जातात.

अलीकडच्या काळात हा प्रश्न एकाएकी घराघरांत शिरला तो २०२० च्या टाळेबंदीत. मार्चच्या अखेरीस बंद झालेली केशकर्तनालये महाराष्ट्रात २८ जूनपासून उघडली, तीही आरंभी केस कापण्यासारख्या मोजक्याच कामांपुरती, कारण त्वचेशी संबंधित कामांना तेव्हा परवानगी नव्हती. त्या तीन महिन्यांत झिरो मशीन हाती धरण्यास पुष्कळजण शिकले, आणि टक्कल पडू लागलेल्या अनेकांना उरलेले केस जपण्यापेक्षा डोके तुळतुळीत ठेवणे अधिक सोयीचे वाटू लागले.

क्षौराच्या आधी केस आणि त्वचा यांची थोडी ओळख आवश्यक आहे. त्वचेबाहेर दिसणारा केस हा निर्जीव असून तो केराटिन नावाच्या, नखांतही असणाऱ्या, कठीण प्रथिनाचा बनलेला असतो. तो पाणी शोषून फुगतो, त्याची जाडी सुमारे पंधरा टक्क्यांनी वाढते आणि त्याबरोबर तो नरम पडून पात्याला सहज शरण जातो. मराठीत एखाद्याची भर सभेत फजिती उडवण्याला 'बिनपाण्याने हजामत करणे' म्हणतात, आणि या वाक्प्रचारात साठलेले व्यावहारिक ज्ञान रसायनशास्त्राशी तंतोतंत जुळणारे आहे. डोक्याच्या त्वचेची रचना याहूनही लक्षात घेण्याजोगी आहे. कवटीवर एकंदर पाच थर असून त्यांतील दुसऱ्या, दाट तंतूंच्या थरात रक्तवाहिन्या अशा घट्ट अडकलेल्या असतात की त्या कापल्या गेल्यावर इतरत्र आकसतात तशा येथे आकसू शकत नाहीत, आणि म्हणून डोक्यावरची जखम तिच्या खोलीच्या मानाने फार अधिक रक्त सांडते. हे आधी ठाऊक असलेला मनुष्य घाबरत नाही. तो स्वच्छ फडके जखमेवर घट्ट दाबून दहा मिनिटे धरतो, आणि मध्येच उचलून पाहण्याचा मोह टाळतो.

याच कारणाने काहींनी पाते हाती घेऊच नये. रक्त पातळ करणारी औषधे चालू असलेले, डोक्यावर गळवे, इसब किंवा सोरायसिस असलेले, आणि विशेषतः कर्करोगावरील केमोथेरपी चालू असलेले रुग्ण यांनी पात्याऐवजी विजेच्या यंत्राने केस बारीक करून थांबावे. केमोथेरपीत केस बहुधा दोनतीन आठवड्यांत गळू लागतात, आणि गळण्याआधीच ते काढून टाकण्याची इच्छा स्वाभाविक असते. परंतु त्याच सुमारास रक्तातील पांढऱ्या पेशी आणि रक्त गोठवणाऱ्या पट्टिका कमी झालेल्या असू शकतात, त्यामुळे साधा ओरखडाही महागात पडतो. शस्त्रक्रियेपूर्वी केस काढावेच लागले तर ते रेझरने न काढता यंत्राने कापावेत अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्ये केली, तीही पाते त्वचेवर डोळ्यांना न दिसणाऱ्या जखमा करून जाते म्हणूनच.

साधनांविषयी फार काही सांगण्यासारखे नाही. केस लांब असतील तर ते आधी कातरीने आणि मग यंत्राला कोणतीही कंगवी न लावता कातरून घ्यावेत, कारण लांब केस रेझरच्या फटीत अडकून बसतात आणि मग पाते कापण्याऐवजी ओढू लागते. रेझर दुपाती असो वा दुकानात मिळणारा अनेक पात्यांचा असो, पाते कोरे असणे अधिक महत्त्वाचे. उघडा वस्तरा मात्र स्वतःच्या डोक्यासाठी वापरू नये, कारण तो धरण्याचा कोन दुसऱ्याच्या डोक्यावर जसा सांभाळता येतो तसा स्वतःच्या मानेमागे सांभाळता येत नाही. स्नानानंतरची वेळ उत्तम, आणि घाई असलेली सकाळ सर्वांत वाईट.

खऱ्या क्षौराला आरंभ होतो तो पाते उचलण्यापूर्वी. घाटावर किंवा झाडाखाली बसणारा न्हावी वाटीतील पाणी घेऊन गिऱ्हाईकाचे डोके तळहाताने बराच वेळ चोळीत असे, आणि गिऱ्हाईकाला ते लाड वाटत. वस्तुतः त्या चोळण्यात दोन कामे एकदम उरकली जात, एक केस भिजवण्याचे आणि दुसरे डोके ओळखण्याचे. स्वहस्ते क्षौर करणाऱ्यानेही कोमट पाण्याने दोनतीन मिनिटे डोके असेच चोळावे आणि बोटांच्या टोकांनी चामखीळ कोठे आहे, जुन्या जखमेचा व्रण कोठे आहे, मानेच्या वर कवटीच्या हाडाचा उंचवटा किती पुढे आलेला आहे, हे मनात टिपून ठेवावे. केस कोणत्या दिशेने वाढतात तेही याच वेळी कळते, कारण वाढीच्या दिशेने हात फिरवला तर तो घसरतो आणि उलट फिरवला तर खुंट बोचतात. डोक्याच्या माथ्याजवळ जो भोवरा असतो, तेथून केस सर्व बाजूंना पसरतात. पुढे ते कपाळाकडे, बाजूंना कानांकडे आणि मागे मानेकडे उतरतात, परंतु मानेच्या खाचेत पुष्कळांचे केस आडवे किंवा चक्क खालून वर वाढलेले आढळतात, आणि सर्वाधिक ओरखडे तेथेच उठतात.

त्यानंतर साबणाचा फेस पातळसर लावावा. दाट फेसाचा ढीग दिसावयास छान असतो, पण त्याखाली काय दडले आहे ते कळत नाही. तेल चोपडून वर पाते चालवण्याची काहींची रीतही सोयीची नाही, कारण तेलात मिसळलेले केस पात्यातून धुऊन निघत नाहीत. रेझर त्वचेशी सुमारे तीस अंशांचा कोन करील असा धरावा आणि त्याच्या स्वतःच्या वजनापेक्षा अधिक दाब देऊ नये. डोके सर्वत्र गोल आणि पाते सरळ असल्यामुळे एका वेळी पात्याचा थोडाच भाग त्वचेला टेकतो, म्हणून दोनतीन सेंटिमीटरचे आखूड फटके मारावेत आणि दर दोनतीन फटक्यांनंतर पाते पाण्यात खळबळून घ्यावे. आरंभ माथ्यापासून कपाळाकडे, मग दोन्ही बाजू, आणि मागचा भाग शेवटी, असा क्रम ठेवल्यास अवघड जागी पोचेपर्यंत हात सरावतो. कानाजवळ आल्यावर मोकळ्या हाताने कान पुढे दुमडावा. मानेजवळ हनुवटी छातीला टेकवावी, म्हणजे मानेची सैल त्वचा आपोआप ताणली जाते.

मागच्या भागासाठी दोन आरसे वापरण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, आणि तो बव्हंशी चुकीचा आहे. पुढे भिंतीवरचा आणि मागे हातातला असे दोन आरसे जुळवले की मागचे डोके दिसते हे खरे, परंतु दुसरा आरसा धरण्यात डावा हात गुंततो, आणि या कामात डाव्या हाताची गरज डोळ्यांपेक्षा अधिक असते. पात्याच्या पुढे दोन बोटे त्वचा ताणून धरतात, कोठे खुंट उरला ते सांगतात, उंचवटा जवळ आला की सूचना देतात. पाते त्या बोटांच्या मागून, त्यांच्यापासून सुरक्षित अंतर राखून चालते. गांधींच्या मागच्या केसांचे जे झाले त्याचे कारणही बहुधा यंत्राचे दोष नसून आरशावरचा भरवसा हेच असावे. डोळे मिटून मागचे डोके करण्याचा सराव थोडा धाडसाचा वाटला तरी तो पहिल्याच आठवड्यात जमतो, आणि जमल्यावर आरसा अडथळाच वाटू लागतो. हाडाच्या उंचवट्यावरून मात्र सरळ खाली न उतरता दोन्ही बाजूंनी वळसा घालून यावे.

एवढे झाल्यावर डोके धुऊन तळहात उलट दिशेने फिरवावा. राहिलेल्या जागी पुन्हा फेस लावून या वेळी वाढीला आडवे पाते फिरवावे. कोरड्या त्वचेवर एकच शेवटचा फटका मारण्याचा मोह प्रत्येकाला होतो आणि प्रत्येक वेळी तो अंगाशी येतो. थेट उलट दिशेने केलेले क्षौर अधिक गुळगुळीत होते खरे, पण त्यात केस त्वचेच्या पातळीखाली कापला जातो, आणि केस कुरळे असल्यास त्याचे टोक वाढताना आतच वळून पुळी उठवते. मानेवर अशा पुळ्या वारंवार उठून त्यांच्या कडक गाठी होऊ लागल्या तर पाते बाजूला ठेवून त्वचारोगतज्ज्ञाला दाखवावे. आरशाचा उपयोग आता, म्हणजे सर्व काम झाल्यावर, अवश्य करावा.

शेवटी थंड पाणी, आणि मग तुरटी. तुरटी हा पोटॅशियम व अॅल्युमिनियम यांचा सल्फेट क्षार असून तो प्रथिने गोठवून बारीक जखमांचे रक्त थांबवतो. ती झोंबते तेथे पात्याने आगळीक केली आहे असे खुशाल समजावे. टॉवेलने डोके न घासता टिपावे. केसांच्या छायेत वाढलेल्या त्वचेला उन्हाची सवय नसते, त्यामुळे पहिले काही आठवडे टोपी, उपरणे किंवा ऊनरोधक मलम यांवाचून दुपारी बाहेर पडू नये. केस महिन्याला सुमारे एक सेंटिमीटर वाढत असल्याने तुळतुळीतपणा दुसऱ्या दिवशीच ओसरू लागतो आणि आठवड्यातून दोनतीनदा पाते फिरवावे लागते. वारंवार भादरल्याने केस दाट किंवा राठ उगवतात, ही जावळ काढताना हमखास ऐकू येणारी समजूत मात्र निराधार आहे. मिल्ड्रेड ट्रॉटर या अमेरिकन शरीररचनाशास्त्रज्ञ स्त्रीने १९२८ मध्येच दाढीच्या केसांवर प्रयोग करून ती खोडून काढली होती. कापलेल्या केसाचे टोक निमुळते न राहता बोथट होते, म्हणून तो बोटांना जाड भासतो, एवढेच.

एका घरातील दोघांनीही एकच पाते वापरू नये, कारण कावीळ ब या रोगाचा विषाणू शरीराबाहेर निदान सात दिवस जिवंत राहू शकतो आणि रक्ताचा न दिसणारा अंशही त्याला पुरतो. वापरलेली पाती ओल्या किंवा सुक्या कचऱ्यात तशीच टाकू नयेत. कचरा निवडणाऱ्यांचे हात बहुधा उघडेच असतात. पत्र्याच्या जुन्या डबीच्या झाकणाला फट पाडून त्यात ती साठवावीत, आणि डबी भरल्यावर तिला चिकटपट्टी लावून, वर मोठ्या अक्षरांत 'पाती' असे लिहून, ती सफाई कामगाराला वेगळी, सांगून द्यावी.