पाण्यावरची रेघ

(नारळी पौर्णिमेनिमित्त किनारपट्टीवरील एका गावात झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



आज नारळी पौर्णिमा. सागराला नारळ अर्पण करून, पावसाळ्यात किनाऱ्यावर विसावलेल्या नौका पुन्हा पाण्यात लोटण्याचा हा दिवस. बंदरातून निघालेली नौका घटकाभरात दिसेनाशी होते. ती दिसेनाशी झाल्यावर तिच्यावर कायदा कोणाचा चालतो? तिच्यावर कोणी हल्ला केला, तिच्यातून कोणी शत्रूचे सामान उतरवले, तर दाद कोणी घ्यायची? आजचा विषय हाच आहे. तो केवळ वकिलांचा नाही, तुमचा-आमचा आहे.

आपल्या पूर्वजांना हा प्रश्न नीट कळला होता. पोर्तुगीज भारतात आले आणि आमच्याच समुद्रात आमच्याच व्यापाऱ्यांनी त्यांचा परवाना घेतला पाहिजे, असे म्हणू लागले. छत्रपती शिवाजी महाराजांनी आरमार उभारले ते ही मिजास मोडण्यासाठीच. पुढे सरखेल कान्होजी आंग्रे यांनी या किनाऱ्यावरून जाणाऱ्या जहाजांनी मराठ्यांचे दस्तक घ्यावे, असा आग्रह धरला. इंग्रजांनी त्यांना चाचे ठरवले. कारण उघड आहे. परवाना देण्याचा अधिकार ज्याचा, समुद्रावर सत्ता त्याची. कान्होजींचे दस्तक म्हणजे नुसता कागद नव्हता, ती स्वराज्याची सागरी अधिकारिता होती.

आज ही अधिकारिता कशी वाटली आहे? 1976 च्या सागरी क्षेत्रविषयक कायद्यानुसार किनाऱ्यालगतच्या आधाररेषेपासून 12 सागरी मैलांपर्यंत, म्हणजे सुमारे 22 किलोमीटरपर्यंत, आपला प्रादेशिक समुद्र आहे. तेथे भारताचे सार्वभौमत्व भूमीवर असते तसेच पूर्ण असते. 24 मैलांपर्यंत संलग्न क्षेत्र आणि 200 मैलांपर्यंत अनन्य आर्थिक क्षेत्र. तेथे सार्वभौमत्व पूर्ण नसते, ठरावीक हक्क असतात. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीनुसार मासेमारी हा राज्याचा विषय आहे, परंतु प्रादेशिक समुद्रापलीकडची मासेमारी केंद्राकडे आहे. म्हणून महाराष्ट्राचा 1981 चा सागरी मासेमारी नियमन कायदा 12 मैलांपर्यंतच्या पाण्याला लागू होतो. शिवाय भारतात नोंदलेली नौका जगाच्या पाठीवर कोठेही असो, तिच्यावरील गुन्ह्याला भारताचा दंडविधान लागू होतो. नौका म्हणजे पाण्यावर तरंगणारा देशाचा तुकडाच.

ही रेघ किती महत्त्वाची, हे केरळच्या प्रकरणात दिसले. 15 फेब्रुवारी 2012 रोजी एनरिका लेक्सी या इटालियन जहाजावरील नौसैनिकांनी आपल्या दोन मच्छीमारांना गोळ्या घातल्या. केरळ पोलिसांनी गुन्हा नोंदवून दोघा नौसैनिकांना अटक केली. परंतु घटना किनाऱ्यापासून सुमारे साडेवीस मैलांवर घडली होती. 18 जानेवारी 2013 रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की 12 मैलांपलीकडे राज्याला अधिकार नाही, हा अधिकार केंद्राचा आहे. पुढे वाद आंतरराष्ट्रीय लवादाकडे गेला. इटलीने भारताच्या नौकानयनाच्या स्वातंत्र्याचा भंग केला आणि भारताला भरपाई मिळाली पाहिजे, असे लवादाने 2020 मध्ये म्हटले. मात्र नौसैनिकांवर भारतात खटला चालवता येणार नाही, असेही ठरवले. 2021 मध्ये 10 कोटी रुपयांच्या भरपाईवर प्रकरण मिटले. दोन घरांतील कर्ते पुरुष गेले आणि खटला कोणी चालवायचा हे ठरण्यातच वर्षे गेली. दर्यावर पोट असणाऱ्या प्रत्येक कुटुंबाने ही गोष्ट मनात जपून ठेवावी.

मात्र बंधूंनो, अधिकाराची रेघ आखली की रक्षण होतेच, असे समजू नका. 1993 साली स्फोटके रायगड जिल्ह्यातील शेखाडीच्या किनाऱ्यावर उतरली. ते आपलेच पाणी होते, आपलाच कायदा होता. तरीही 12 मार्च रोजी मुंबईत 257 जणांचा बळी गेला. पुढे न्यायालयात सीमाशुल्क आणि पोलीस खात्यांतील काही माणसे दोषी ठरली. कायदा दुबळा नव्हता, तो राबवणाऱ्यांचे चारित्र्य विकले गेले होते. नोव्हेंबर 2008 मध्ये दहा दहशतवादी आले ते पोरबंदरची ‘कुबेर’ ही मासेमारी नौका बळकावून. आपल्याच नोंदणीची नौका, शेकडो नौकांत कोणाच्या डोळ्यांवर येणार? राज्याचे पोलीस, तटरक्षक दल, नौदल अशी प्रत्येकाची हद्द कागदावर होती. शत्रू या हद्दींच्या मधल्या फटीतून आला. मुंबईच्या किनाऱ्यावर उतरलेल्या त्या अनोळखी तरुणांना प्रथम कोणी हटकले असेल, तर ते मच्छीमार वस्तीतल्या सामान्य माणसांनी.

त्यानंतर बरेच घडले. 2009 मध्ये सागरी सुरक्षेची एकत्रित जबाबदारी नौदलाकडे आली. सागरी पोलीस ठाणी वाढली, मच्छीमारांना ओळखपत्रे मिळाली. नदी-खाडीतील नौकांसाठीचा 1917 चा ब्रिटिश कायदा जाऊन 2021 चा अंतर्देशीय जलयान कायदा आला. आता एका राज्यात घेतलेले नोंदणीपत्र साऱ्या देशात चालते. एक राष्ट्र म्हणून विचार केला की कायदाही एक होतो, त्याचे हे उदाहरण.

याच दृष्टीने आपल्या किनाऱ्यावरील एका वादाकडे पाहू. अन्य राज्यांतील मोठ्या नौका आपल्या 12 मैलांत येतात, प्रखर दिवे लावून मासळी ओरबाडतात. त्यामुळे लहान नाखव्याचे जाळे रिकामे येते, ही तक्रार खरी आहे. राज्याने 2021 मध्ये कायदा दुरुस्त करून दंडही वाढवला. परंतु त्या नौकेवरचा खलाशी परका नाही, तो भारतीयच आहे. आपला विरोध नियम मोडणाऱ्या नौकेला हवा, मग ती मालप्याची असो की आपल्या मालवणची. आपल्या गावच्या नौकेने दिवे लावले तर डोळेझाक आणि बाहेरच्याने लावले तर संताप, हा न्याय नव्हे.

मग आपण करायचे काय? नौकेची नोंदणी, तिचा क्रमांक, खलाशांची ओळखपत्रे ही कटकट मानू नका. कान्होजींच्या दस्तकाची ती आजची रूपे आहेत. यंत्रावर आपले स्थान चालू ठेवा, कारण प्रसंग आला तर नौका रेघेच्या अलीकडे होती की पलीकडे, हे त्यावरून सिद्ध होते. अनोळखी नौका दिसली तर सागरी पोलिसांचा 1093 आणि तटरक्षक दलाचा 1554 हे क्रमांक प्रत्येक तांडेलाला पाठ हवेत. जे बंधू शहरात राहतात, त्यांनी या मच्छीमार वस्त्यांशी नाते जोडावे. शासकीय कागदपत्रे समजावून देणारा एक शिकलेला कार्यकर्ता प्रत्येक बंदरात असला, तरी मोठे काम होईल.

पाण्यावरची रेघ टिकत नाही, असे आपण म्हणतो. नकाशावरची ती रेघ कायद्याने आखली आहे. ती टिकवायची ती जागरूक आणि निष्कलंक समाजाने. आज सागराला नारळ वाहताना एवढा संकल्प आपण करू या.