आधी घर, मग पिल्ले



लहान प्राणी कसे पाळावेत यावर मी बोलावे, अशी आपली अपेक्षा आहे. मी मात्र आज ते आपल्या घरातून दुसऱ्याच्या घरी कसे पाठवावेत, याविषयी बोलणार आहे. पाळण्याची माहिती पुस्तकांतून मिळते. पाठवणीची विद्या मी चुका करून शिकलो, आणि त्या चुकांची किंमत मी नव्हे, माझ्या सशांनी मोजली.

पुष्कळ वर्षांपूर्वी एका उगादीला मल्लेश्वरममधील आमच्या घरी सशांची जोडी आली. दोन्ही माद्या आहेत, असे विक्रेत्याने सांगितले होते. त्याने फसविले असे मी म्हणणार नाही. लहान वयाच्या सशांत नर कोणता आणि मादी कोणती, हे ओळखताना सरावलेला माणूसही चुकतो. परिणाम व्हायचा तो झाला. सशाची मादी गाईप्रमाणे ठरावीक दिवसांनी माजावर येत नाही. नराशी संयोग झाला की त्यानंतर काही तासांनी तिचे बीज सुटते आणि सुमारे ३१ दिवसांनी ती विते. व्याल्या दिवशीच ती पुन्हा गाभण राहू शकते. श्रावणात आम्ही पहिल्या वेताचे कौतुक करीत होतो, तेव्हा दुसरे वेत तिच्या पोटात वाढत होते. उगादीचे दोन ससे दसऱ्याला सतरा झाले.

त्या वेळी माझ्यापुढे एकच प्रश्न होता : हे सारे ससे नेणार कोण? नेणाऱ्याकडे त्यांचे काय होणार, हे मी मनात येऊ दिले नाही. एका गृहस्थांनी पूर्ण वाढलेल्या सशाचे वजन किती भरते, असे विचारले. त्यांना तेवढे मी नाही म्हटले. बाकी जो मागेल त्याला दिले. काही महिन्यांनी त्यांतल्या एका कुटुंबाची बदली झाली. त्यांनी आपले दोन ससे जवळच्या उद्यानात सोडून दिले. गवत भरपूर आहे, सुखाने राहतील, असे त्यांना प्रामाणिकपणे वाटले. चौथ्या दिवशी माळ्याला एक ससा कुंपणाच्या मेंदीखाली सापडला; दुसरा सापडलाच नाही. ‘सशांचे घर’ म्हणून आमचे घर एव्हाना प्रसिद्ध झाले होते, म्हणून माळी त्याला माझ्याकडेच घेऊन आला. एक कान फाटला होता. नाकाजवळच्या करड्या ठिपक्यावरून मी त्याला ओळखले. तो आठ दिवस जगला.

या गैरसमजात आपल्या भाषांचाही थोडा हात आहे, असे मला वाटते. मराठीत ‘ससा’ आणि कन्नडमध्ये ‘मोल’ हा एकच शब्द आपण दोन भिन्न प्राण्यांना लावतो. आपल्या माळरानावरील ससा उघड्यावर जन्मतो; जन्मतःच त्याच्या अंगावर लव असते, डोळे उघडे असतात. पिंजऱ्यातला ससा हा युरोपातील बिळात राहणाऱ्या जातीचा वंशज. त्याचे पिल्लू उघडे, आंधळे आणि असहाय असते. पिढ्यान्‌पिढ्या माणसाच्या हातून खाल्लेल्या त्या पांढऱ्याशुभ्र जिवाला बंगळूरच्या उद्यानात कुत्र्यांपासून आणि घारींपासून कोण वाचविणार?

तेव्हापासून आमच्या घरी एक रिवाज पडला. जितकी घरे हाती असतील, त्यापेक्षा अधिक पिल्ले जन्माला येऊ द्यायची नाहीत; आणि घर हाती आहे म्हणजे मी स्वतः तिथे जाऊन आलो आहे. घर भाड्याचे असेल तर मालकाची संमती आहे का? या शहरात नोकरीसाठी आलेली माणसे वर्षा-दोन वर्षांनी घर बदलतात, म्हणून हा प्रश्न मी पहिला विचारतो. दुपारी पिंजऱ्यावर ऊन येते का? बंगळूरची हवा थंड, ही आता जुनी कीर्ती झाली. अलीकडच्या उन्हाळ्यांत पारा ३५ अंशांच्या पुढे गेलेला आपण अनुभवला आहे, आणि सशाला घाम येत नाही. सशांवर उपचार केलेला पशुवैद्य जवळपास आहे का? कुत्र्याला सहज दिले जाणारे पेनिसिलीन सशाला किंवा गिनीपिगला तोंडावाटे दिले, तर त्याच्या आतड्यांतील उपयुक्त जंतू मरून तो दगावू शकतो. आणि मुले तीन आठवड्यांत कंटाळली, तर पिंजरा कोण झाडणार? या शेवटच्या प्रश्नाला बहुधा आईकडे पाहिले जाते. मी त्या माउलीचे उत्तर येईपर्यंत थांबतो.

गिनीपिगच्या बाबतीत तर दुप्पट सावध राहावे लागते. मादीचे पहिले वेत सहा-सात महिन्यांच्या आत झाले नाही, तर तिच्या कटीची हाडे जुळून घट्ट होतात आणि पुढे प्रसूतीत ती मरण्याचा धोका असतो. म्हणून ‘एकदा तरी पिल्ले होऊ द्या’ हा वडीलधाऱ्यांचा सल्ला प्रौढ मादीच्या जिवावर बेतू शकतो. नर पिल्ले तीन आठवड्यांची होताच आईपासून वेगळी करावीत. आणि गिनीपिगच्या शरीरात, माणसाप्रमाणेच, ‘क’ जीवनसत्त्व तयार होत नाही. रोज थोडा पेरू किंवा कोथिंबीर द्यावी.

हॅमस्टरविषयी एवढेच सांगतो. १९३० मध्ये इस्राएल अहारोनी यांनी सीरियातील अलेप्पोजवळ एक मादी आणि तिची पिल्ले पकडली. जगभर पाळल्या जाणाऱ्या सोनेरी हॅमस्टरांपैकी बहुतेकांचे मूळ त्या एका बिळात आहे. तो एकलकोंडा प्राणी आहे. ‘जोडीने सुखी राहील’ म्हणून दुसरा आणला, तर सकाळी एकच जिवंत आढळण्याचा संभव असतो.

कायदा या बाबतीत अगदीच मुका नाही. रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत ज्याचा आग्रह धरला, तो प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायदा १९६० मध्ये झाला. उपासमार होईल अशा रीतीने प्राणी टाकून देणे हा त्याअन्वये गुन्हा आहे. कुत्र्यांच्या पैदाशीचे नियम २०१७ मध्ये आले. आठ आठवड्यांच्या आतील पिल्लू विकण्यास त्यांत मनाई आहे. २०१८ च्या नियमांनी दुकानांतील ससे, गिनीपिग आणि हॅमस्टर यांचीही दखल घेतली. परंतु माझ्यासारख्या हौशी माणसाच्या परसात किती वेते व्हावीत, हे पाहायला कोणी अधिकारी येत नाही. आपल्या शहरात क्रिस्टल रॉजर्स यांनी १९९१ मध्ये ‘क्यूपा’ ही संस्था स्थापन केली. अशा संस्थांच्या दारी आधीच इतके जखमी आणि बेवारस जीव असतात, की आपल्या हौसेची भर तिथे नेऊन टाकणे मला प्रशस्त वाटत नाही.

म्हणून प्रत्येक पिल्लाबरोबर मी एक चिठ्ठी देतो. तिच्यावर त्याचा जन्मदिवस, खाणे, आणि एक वाक्य : कधीही, कोणत्याही कारणाने, परत आणावे, कारण विचारले जाणार नाही. अशी किती पिल्ले परत येतील या भीतीने प्रथम माझी झोप उडाली होती. आजवर चार आली. मागच्या पावसाळ्यात एक बाई रिक्षातून उतरल्या. मांडीवर पिंजरा, त्यात तीन वर्षांची गिनीपिग मादी. मुलीला दम्याचा त्रास सुरू झाला होता. चिठ्ठी घड्या पडून मऊ झालेली, पण त्यांनी जपून ठेवली होती. रिक्षा थांबवून वाटेत घेतलेली कोथिंबिरीची जुडी त्यांनी पिंजऱ्याशेजारी ठेवली, आणि तिला देठापेक्षा पाने अधिक आवडतात, असे मला दोनदा सांगितले.